पृथ्वी मावळत नाही

३ जून

बाबा,

तीर्थरूप, साष्टांग वगैरे यावेळी गृहीत धरा. रागात असताना ते शब्द लिहिले तर तुम्हालाच खोटे वाटतील.

पहिली गोष्ट, हे पत्र माफी मागायला लिहिलेलं नाही. दादा काल फोनवर म्हणाला, "बाबा इथे येऊन बसलेत, जेवतायत, पेपर वाचतायत, पण तुझं नाव निघालं की गॅलरीत जातात. एकदा सॉरी म्हणून टाक आणि विषय संपव." विषय संपणार नाही. 'पृथ्वी उगवते' हा तुमचा खेळ मी पुन्हा लावणार नाही. तारांगणाचं बटण आता माझ्या हाताखाली आहे आणि त्या खेळासाठी मी ते दाबणार नाही.

तुम्ही बॅग भरून निघालात तेव्हा मला चार वाक्यंसुद्धा बोलू दिली नाहीत. म्हणून लिहिते. माझं बोलणं तुम्ही हात वर करून थांबवता, पत्राचं तसं करता येणार नाही. फार तर फाडाल, पण त्याआधी वाचाल, एवढी मी तुम्हाला ओळखते.

तुमच्या खेळात मुलांना चंद्रावर नेतात. अंधार होतो, तुमचा आवाज येतो आणि पूर्वेच्या पडद्यामागून निळी पृथ्वी वर येते. टाळ्या पडतात. मग ती सावकाश घुमट ओलांडते आणि बाहेर जायच्या दारावर मावळते. त्या टाळ्या मीही वाजवल्या आहेत. शाळेतून परस्पर तारांगणात यायची मी, दप्तर आईकडे तिकीट-खिडकीत टाकून आत पळायची, आणि पृथ्वी वर आली की प्रत्येक वेळी अंगावर काटा यायचा.

पण चंद्रावर असं घडत नाही, बाबा. चंद्र आपल्याला कायम एकच बाजू दाखवतो, हे तुम्हीच त्याच खेळात थोडं आधी सांगता. मग त्या बाजूवर उभं राहिलेल्या माणसाला पृथ्वी कायमच दिसणार ना? ती उगवणार कुठून आणि मावळणार कशाला?

खात्री करायला मी आईला खुर्चीवर बसवलं. ती झाली पृथ्वी. मी चंद्र. तिच्याकडे तोंड ठेवूनच तिच्याभोवती फिरले. मागची भिंत सरकली, खिडकी सरकली, कपाट सरकलं, आई मात्र माझ्या नाकासमोरून हलली नाही. मी तिला म्हटलं, "बघ, तू उगवत नाहीस आणि मावळत नाहीस." ती भाजी निवडत म्हणाली, "हे मला लग्न झाल्यापासून माहीत आहे. बाकी सगळे भिरभिरतात, मी आपली तिथल्या तिथे."

चूक तुमच्या बुद्धीची नाही, आपल्या घुमटाची आहे. मधल्या यंत्राला, आपल्या मुंगळ्याला, एकच फिरतं कडं. त्याला जे जे अडकवाल ते पडद्यामागून उगवतं आणि दारावर मावळतं. सूर्य, चंद्र, तारे, सगळे. पृथ्वीचा दिवा अडकवायला तुम्हाला तीच जागा मिळाली, म्हणून तीही उगवली. घुमटाखाली आयुष्य काढलेल्या माणसाकडूनच ही चूक होऊ शकते. तुमच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. पण आता मला कळलंय, आणि कळल्यावर मुलांना ते दाखवणं मला जमणार नाही.

तुमची,
कटकट (हे नाव तुम्हीच ठेवलंय)


९ जून

बाबा,

पत्र पोचलं आणि तुम्ही ते वाचलंत, हे दादाकडून कळलं. तुमचं उत्तरही त्याने तुमच्या आवाजाची नक्कल करून ऐकवलं: "तिला सांग, उगवणारी गोष्ट दिसली की मूल मान वर करतं. लटकलेल्या गोळ्याकडे कोण बघणार? आधी मान वर होऊ दे, खरंखोटं मोठेपणी बघतील."

हे बोलणं मी उडवून लावलेलं नाही. तुमच्याइतकी मुलं कोणी हाताळली आहेत? पण मोठेपणी बघणार कोण? मीच पाहिलं नाही. खगोलशास्त्र शिकून आले, तुमच्या हाताखाली कामाला लागले, आणि तरी इतकी वर्षं ती पृथ्वी दारावर मावळताना बघत राहिले. लहानपणी एकदा मनात बसलं ते बसलं. म्हणूनच माझा हट्ट आहे.

व्यवस्थापकांनी आज मला बोलावून सुनावलं. सव्वीस तारखेपासून शाळांच्या सहली यायला लागतील. त्या दिवशीचा पहिला खेळ माझा. तो मुलांनी बघितला तर ठीक, नाहीतर दुपारपासून पुन्हा 'पृथ्वी उगवते'. मी म्हटलं, मग दुपारपासून बटण दाबायला दुसरा माणूस शोधा. ते म्हणाले, "नोकरीवर पाणी सोडाल? कशासाठी? एक दिवा इकडचा तिकडे, त्यासाठी?" मी हो म्हटलं. गंमत नाही केली.

आईला हे सांगितल्यावर ती म्हणाली, "बाप हट्टी, लेक हट्टी आणि मी तिकीट फाडतेय." ती कोणाच्या बाजूची आहे हे विचारलं तर म्हणते, खिडकीच्या.

कटकट


१४ जून

बाबा,

तुम्ही हसणार आहात. हसा.

आज जवळच्या शाळेतली तिसरीची मुलं बोलावून माझा खेळ करून बघितला. पृथ्वीचा दिवा कड्यावरून सोडवला आणि वेगळ्या स्टँडवर घट्ट बसवला. अंधार केला, पृथ्वी घुमटाच्या मध्यावर लावली आणि माइकवर सांगितलं, मुलांनो, ही आपली पृथ्वी, चंद्रावरून अशीच दिसते, इथेच असते.

मग एकाने विचारलं, "बंद पडलं का?"

त्याचं ऐकून दुसऱ्याने विचारलं. मग बाईंनी विचारलं. मग व्यवस्थापक धावत आले आणि मुंगळ्याच्या पोटात टॉर्च मारायला लागले. मी घसा फोडून सांगतेय की बंद पडलेलं नाही, हे असंच असतं, आणि मागच्या रांगेत दोघं एकमेकांच्या खांद्यावर झोपलेत. लटकलेला गोळा. शब्दन् शब्द तुमचाच खरा ठरला.

जाताना एक मुलगी माझ्यापाशी थांबली. दोन दात पडलेले, त्यामुळे बोलताना हवा जास्त आणि शब्द कमी. तिने विचारलं, "चंद्राच्या मागे राहणाऱ्यांना पृथ्वी कधीच दिसत नाही?" मी म्हटलं, कधीच नाही. ती म्हणाली, "मग त्यांनी इकडे यायचं ना चालत." आणि गेली.

मी घरी येऊन रडले. हे तुम्हाला सांगायचं नव्हतं, पण आई दादाला सांगेल आणि दादा तुम्हाला, तेव्हा माझ्याकडूनच कळू दे. रडले ते हरले म्हणून नाही. एवढी मोठी खरी गोष्ट हातात असून ती मला मांडता आली नाही, याची लाज वाटली. उद्यापासून पुन्हा कामाला लागते.

कटकट


२० जून

बाबा,

सापडलं. त्या दातपडक्या मुलीने माझ्या हातात ठेवलं होतं आणि मी दोन दिवस ते इकडेतिकडे शोधत बसले.

चंद्राच्या मागच्या बाजूने निघायचं! मुलांना आधी तिथे उतरवायचं. काळं आकाश, तारे, आणि पृथ्वीचा पत्ता नाही. मग खेळातल्या चांद्रगाडीत बसवायचं आणि पुढच्या बाजूकडे न्यायचं. गाडी जसजशी पुढे जाईल तसतशी पृथ्वी डोंगरामागून वर येईल. ती उगवते, बाबा. खरोखर उगवते. पण आपण तिच्याकडे गेलो म्हणून. आपण थांबलो की तीही थांबते.

कळलं का तुम्हाला? तुमचं उगवणं मला टाकून द्यावं लागत नाही. प्रवासासाठी पृथ्वी पुन्हा तुमच्याच कड्यावर चढवली आहे, तुमच्याच मोटरवर. फक्त पृथ्वीच्या दिव्याची पेटी आता कड्याला एका खिळीने अडकवली आहे. गाडी थांबली की मी खिळी ओढते, कडं ताऱ्यांना घेऊन पुढे जातं आणि पृथ्वी जागच्या जागी राहते. तारे तिच्या मागून सरकत राहतात.

आणि पृथ्वी आता सपाट चित्राची नाही. लाकडाचा गोळा रंगवलाय, पेटीत ठेवलाय, पुढे तुमचंच जुनं भिंग. गोळा स्वतःभोवती फिरतो, आणि एक दिवा त्याच्याभोवती सावकाश फेरी मारतो. दिवा समोर आला की पूर्ण पृथ्वी. बाजूला गेला की अर्धी. मागे गेला की बारीक कोर. चंद्रावरून पृथ्वीच्या कला दिसतात, आणि त्या अगदी उलट्या: आपल्याकडे अमावास्या असते तेव्हा तिथे पृथ्वी पूर्ण भरलेली. आपल्या चंद्रापेक्षा जवळजवळ चौपट रुंद. आता म्हणा लटकलेला गोळा! जागा सोडत नाही ती, थोडी डुलते इतकंच, पण वाढते, घटते, फिरते. समुद्र जातात, जमिनी येतात, पुन्हा समुद्र येतात.

सगळं सुरळीत झालं असं समजू नका. आधी टेबलफॅनची मोटर लावली तर पृथ्वी अशी गरगरली की आई म्हणाली, हिच्यावरची माणसं उलट्या करत असतील. मग घड्याळाची चाकं बसवली. दिवा मोठा घातला तर पेटी तापली आणि प्रशांत महासागराला फोड आला. तो घासून पुन्हा रंगवला. आता पेटीत छोटा पंखा आहे. बोटं निळी झाली आहेत, रंग निघता निघत नाही.

खेळाच्या शेवटी मी मुलांना एक काम देणार आहे. बारीक चंद्रकोर दिसेल तेव्हा तिच्या पोटात बघा. उरलेला गोल अंधुक दिसतो ना? तिथे त्या वेळी रात्र आहे आणि ती उजळलीय पृथ्वीने. आपल्या ढगांवरून, आपल्या समुद्रांवरून निघालेला उजेड चंद्रावर जाऊन परत आपल्या डोळ्यांत येतो. आपली पृथ्वी बाहेरून बघायला यान लागत नाही, गच्ची पुरते.

सव्वीसला सकाळी अकराचा खेळ आहे. या असं म्हणणार नाही, कारण तुम्ही बोलावल्यावर न येणारे आहात. वेळ कळवली एवढंच.

कटकट


२७ जून

बाबा,

तुम्ही आला होता.

लपून काही उपयोग नव्हता. तिकीट-खिडकीवर आपली बायको बसते हे तुम्ही विसरलात, की मुद्दामच तिथे गेलात? आई म्हणते, टोपी खाली ओढून आवाज बदलून म्हणालात, "एक द्या." तिने लहान मुलाचं अर्धं तिकीट फाडून दिलं. म्हणाली, वागणं बघून दिलं.

मला ती बोलली नाही. म्हणून मी घाबरत होते ते नेहमीच्याच गोष्टींना. हॉल गच्च भरला होता, त्यात गेल्या वर्षी तुमचा खेळ पाहून गेलेली मुलं बरीच होती. बाई होत्या. व्यवस्थापक भिंतीला टेकून उभे होते आणि हातातल्या किल्ल्या वाजवत होते. मी गाडी सोडली. काळं आकाश, घरघर, काळे डोंगर. कुणीतरी ओरडलं, "पृथ्वी कुठाय?" मी म्हटलं, अजून दिसणार नाही, आपण चंद्राच्या पाठीमागच्या गावात आहोत, चला. मग डोंगराच्या कडेला निळी कोर आली आणि सगळा हॉल एकदम श्वास घेऊन थांबला. टाळ्या पडल्या. तुमच्या खेळाला पडायच्या तितक्याच, कदाचित थोड्या जास्तच. रागावू नका.

ती घुमटाच्या मध्यावर आली. मी गाडी थांबवली आणि खिळी ओढली.

तेव्हा काय झालं ते मी यंत्रापाशी बसून पृथ्वीच्याच उजेडात पाहिलं. मागचा खेळ पाहिलेल्या सगळ्या मुलांच्या माना दाराकडे वळल्या. बाईंची वळली. व्यवस्थापकांची वळली. आता ती तिकडे जाणार, मावळणार, दिवे लागणार, अशी सगळ्यांना सवय. आणि त्या सगळ्या वळलेल्या डोक्यांमध्ये टोपीवालं एक डोकं वळलं नाही. ते वरच बघत राहिलं.

तो खेळ ज्याने बनवला, ज्याने ती पृथ्वी सगळ्यात जास्त वेळा दारावर मावळवली, त्या माणसाने दाराकडे बघितलं नाही. तुम्हाला माहीत होतं ती जाणार नाही. माझं पत्र वाचल्यापासून माहीत होतं, की त्याच्याही आधीपासून, ते मी विचारत नाही.

मग पुढच्या रांगेतला एक मुलगा ओरडला, "अजून आहे!" आणि माना परत वर आल्या. नंतर कोणी विचारलं नाही बंद पडलं का म्हणून. पृथ्वी अर्धी झाली, कोर झाली, पुन्हा भरली, आणि एक मुलगी दरवेळी मोठ्याने सांगत होती, आता समुद्र, आता जमीन, आता परत समुद्र.

दिवे लागले तेव्हा तुमची खुर्ची रिकामी होती. मी धावत बाहेर आले. आई म्हणाली, "गेले. बस पकडायची होती म्हणे. तुझ्यासाठी निरोप आहे: खिळीला दोरी बांध, अंधारात पडली तर सापडायची नाही."

एवढाच निरोप! मी तिथे पायरीवर बसून आधी हसले आणि मग फार चिडले. इतका प्रवास करून यायचं, बघायचं आणि लेकीला तोंड न दाखवता पळायचं. तुमचा खेळ हरला म्हणून पळालात की माझा जिंकला म्हणून? मला हे हरणं-जिंकणं नको आहे. व्यवस्थापकांनी दुपारच्या खेळाला माझाच लावला, आजचाही माझाच, आणि मला त्याचा म्हणावा तसा आनंद होत नाहीये. तुमचं काय ते एकदा मला सांगा. दादाकडून नको.

दोरी बांधली आहे.

कटकट


४ जुलै

बाबा,

तुमचं कार्ड काल आलं. आईने पत्ता बघितला, अक्षर बघितलं आणि विचारलं, "यांना लिहिता येतं?" मग दोघींनी मिळून वाचलं. वाचल्यावर ती चष्मा पुसायला आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

तुम्ही लिहिलंय, 'ज्या मुलांना मी चुकीचं दाखवलं, त्यांना ते मीच सांगायला हवं. खेळाआधी दोन मिनिटं दे. यंत्राला हात लावणार नाही.'

व्यवस्थापकांना दाखवलं तर ते हादरलेच. "अहो, ज्यांनी तारांगण उभं केलं तेच मुलांसमोर चुकलो म्हणणार? शाळा काय म्हणतील? हळूच बदलून टाका, कोणाच्या लक्षातही येणार नाही." मी त्यांना सांगितलं, माझ्या इतकी वर्षं लक्षात आलं नाही, तेच तर दुखणं आहे. ते वाद घालत राहिले आणि मी ऐकत राहिले, आणि शेवटी तेच म्हणाले, बरं, येऊ देत.

दोन मिनिटं मिळणार नाहीत. हवा तेवढा वेळ घ्या. चुकीचं काय दाखवलं ते सांगा, का दाखवलं तेही सांगा. फिरतं कडं दाखवा, मुंगळा दाखवा, त्यांना हात लावू द्या. मग खेळाचं बोलणंही तुम्हीच करा. मी लिहून ठेवलंय, पण माझा आवाज पोपटासारखा येतो असं आई म्हणते आणि ते खरं आहे. मागच्या बाजूपासून गाडी तुम्ही न्या.

आणि यंत्राला हात लावणार नाही म्हणजे काय? पेटीचा पंखा आवाज करतो, तो कोण बघणार?

पुढच्या सोमवारी त्या जवळच्याच शाळेची चौथी येणार आहे. गेल्या वर्षी तिसरीत असताना त्यांनी तुमचा खेळ पाहिलाय. तीच मुलं. तुम्ही बोलत असताना मी यंत्रामागे बसणार नाही, हे आताच सांगून ठेवते. इतकी वर्षं लोकांनी मला विचारलं की आकाशाचं वेड तुला कुठून लागलं, आणि मी तुमच्या टाळ्यांचं सांगत आले. आता माझ्याकडे सांगायला त्याहून मोठी गोष्ट असेल: भरल्या हॉलमध्ये, चिल्ल्यापिल्ल्यांसमोर उभं राहून 'माझं चुकलं' म्हणणारा माणूस माझा बाप आहे. ते मला समोर बसून, दिवे चालू असताना बघायचंय.

बटण आई दाबेल. तिला शिकवलंय. तुम्ही या.

तुमची मुलगी